माझं कोपर आणि त्याची टाकी

मी क्षमाशील बाई नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा राहणार नाही. आमच्या घरात मोठं मन माझ्या धाकट्या भावाच्या वाट्याला आलं, असं सगळे म्हणतात. त्याचं मन इतकं मोठं आहे की दुसऱ्याने केलेलं कामही त्यात सहज मावतं.

पालेगावात वडिलांची थोडी जागा आहे. चहूबाजूंनी टॉवर उठले, पण आमची पत्र्याची शेड मध्ये तशीच राहिली. त्या शेडमध्ये आम्ही दोघांनी मिळून एक विमान बनवलं. खेळण्यातलं नाही, दोन माणसं बसतील असं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, पुढे इंजिन. नकाशे विकत घेतलेले, बाकी सगळं हाताने. भाऊ अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत अधिकारी होता. मी दुसऱ्या एका कंपनीच्या इन्स्ट्रुमेंट विभागात होते. टाकीत माल किती, दाब किती, उष्णता किती हे सांगणारे मीटर लावायचे, आणि ते खोटं बोलायला लागले की त्यांचे कान पिळायचे, यात माझी सगळी नोकरी गेली. दोघंही मोकळे झालो आणि हे वेड घेतलं. विमान चालवायला तो बाहेरगावच्या एका क्लबात शिकला. परवानग्यांसाठी चपला त्यानेच झिजवल्या. त्याचं श्रेय मी त्याला देते. जेवढं त्याचं आहे तेवढं देते.

पंखांच्या फासळ्या मात्र मी जोडल्या. कापड मी ताणलं, ते आकसून घट्ट बसावं म्हणून इस्त्री मी फिरवली. टाकीची गळती मी साबणाचा फेस लावून शोधली. वायरिंग सगळं माझं. हे मी कुणाला सांगत फिरले नाही, कारण मला वाटलं, डोळे सगळ्यांना असतात.

पेट्रोलचा मीटर कुठला लावायचा यावरून आमचं पहिलं मोठं भांडण झालं.

आधी मी उल्हासनगरला गेले. कॅम्प तीनमध्ये एक सिंधी दुकानदार माझ्या ओळखीचा आहे. मोटारसायकल, रिक्षा, टेम्पो, कशाचाही मीटर त्याच्याकडे मिळतो. त्याने काउंटरवर चार मांडले. "दीदी, मीटर एकदम फर्स्ट क्लास है. फ्लोट दुसरी कंपनी का भी चलेगा, टेन्शन मत लो." फ्लोट म्हणजे टाकीत तरंगणारा तो डबीसारखा भाग. तो पेट्रोलबरोबर वरखाली होतो आणि वायरीतून मीटरला खबर देतो. मी तिथेच बॅटरी लावून पाहिलं. फ्लोट तळाला नेला तर काटा थेट फुल्लवर. मीटर एका घरचा आणि फ्लोट दुसऱ्या घरचा असला की असंच होतं. "ये तो उलटा दिखाता है," मी म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "तो आप भी उलटा पढ़ो ना." अशा माणसावर रागावता येत नाही. मी त्याचा चहा प्यायले आणि रिकाम्या हाताने परत आले.

मला स्वतःला सगळ्यात साधे प्रकार आवडतात. एक म्हणजे टाकीच्या बाजूला उभी लावलेली पारदर्शक नळी. टाकीत जेवढी उंची तेवढीच नळीत, डोळ्यांना दिसते, वायर नाही की बॅटरी नाही. दुसरा म्हणजे बूच. बुचाच्या तुकड्यात तार खोवायची आणि ती टाकीच्या झाकणातून वर काढायची. पेट्रोल उतरलं की तार उतरते. बूच कधी पेट्रोल पिऊन जड झालंच तर बुडतं, म्हणजे टाकीत पेट्रोल असूनही ती रिकामी वाटते. आपण घाबरतो आणि लवकर खाली उतरतो. हा मीटर खोटं बोललाच तर आपल्या भल्याचं बोलतो. मीटर निवडताना मी हेच बघते. चांगले असताना खरं सगळेच बोलतात, पण बिघडल्यावर कोण कुठल्या बाजूने खोटं बोलेल ते आधी विचारायचं.

हे सगळं मी भावाला समजावलं. तो म्हणाला, "ताई, आपण विमान बनवतोय. स्टोव्ह नाही."

त्याने परदेशातून एक स्क्रीन मागवली. तिच्याबरोबर एक दांडी येते. ती टाकीत उभी राहते, आपण किती बुडालो ते विजेच्या आधाराने ओळखते, आणि स्क्रीनवर हिरवी पट्टी चढते-उतरते. मी म्हटलं, हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्याचं प्रमाण बदललं की दांडीचा अंदाज चुकतो. तो हसला. "तुझ्या शंका ना ताई, कधी संपायच्या नाहीत." आमची टाकी इंजिनाच्या मागे, बसणाऱ्याच्या गुडघ्यांच्या वर आहे. लांबट आहे. दांडी त्याने टाकीच्या पुढच्या टोकाला, इंजिनाकडच्या बाजूला बसवली, कारण तिथे भोक पाडायला सोपं होतं.

मी फुगून काही दिवस शेडवर गेले नाही. तेवढ्यात त्याने एकेक लिटर ओतत स्क्रीनला शिकवून टाकलं, एवढी उंची म्हणजे एवढे लिटर. पहिले काही लिटर तर दांडीला लागलेच नाहीत, हे त्याने मला नंतर हसत सांगितलं. "तळाचं धरायचं नाही," तो म्हणाला. कंपनीतल्या टाकीतही तळाशी थोडा माल उरतोच आणि तो कुणी मोजत नाही. आम्ही दोघंही फॅक्टरीची माणसं. आमच्या टाक्या सिमेंटच्या चौथऱ्यावर जन्मभर ताठ उभ्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग गणपती आले. भाऊ बदलापूरला राहतो. त्याच्या सोसायटीने आरतीनंतर त्याचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, माईक. तो अर्धा तास बोलला. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि माझ्या नावाची वाट बघत होते. भाषणाच्या शेवटी तो म्हणाला, "घरच्यांची साथ मोलाची." घरचे म्हणजे मी, भावजय आणि बहुतेक त्याचा कुत्रा. दुसऱ्या दिवशी एका बातम्यांच्या पोर्टलवर फोटो आला. 'बदलापूरच्या अवलियाने घरीच साकारले विमान.' भाऊ विमानाला टेकून उभा. उजव्या कडेला एक कोपर. हिरव्या ब्लाउजच्या बाहीखालचं, वेल्डिंगच्या ठिणगीचा डाग असलेलं. ते माझं. बाकी मी कापली गेले होते.

मी तो फोटो मोठा करून पाहिला. पुन्हा पुन्हा पाहिला. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी शाळेत शिकले होते, पण तो नागोबा आपल्याच आईच्या पोटचा असेल असं कुणी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं की याची परतफेड करायची, आणि ज्या लोकांसमोर त्याने शाल घेतली त्यांच्याचसमोर करायची. विमान कुणी बनवलं ते त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी गप्प बसणार नव्हते.

संधी मला शहाडच्या पुलाजवळ मिळाली. माझी जुनी स्कूटर बंद पडली. पेट्रोल संपत आलेलं. अशा वेळी आपण सगळे काय करतो? स्कूटर एका अंगावर आडवी करतो, थोडं थांबतो, उभी करतो आणि किक मारतो. कोपऱ्यात अडकलेलं पेट्रोल नळीकडे येतं आणि पंपापर्यंत गाडी जाते. हे आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही कळतं. मीही तेच केलं. स्कूटर सुरू झाली, मी थोडी पुढे गेले आणि करकचून ब्रेक दाबला. मागच्या रिक्षावाल्याने माझ्या खानदानाचा उद्धार केला. मला काही ऐकू येत नव्हतं.

आमच्या विमानाचं तिसरं चाक शेपटाखाली आहे. म्हणून जमिनीवर ते नाक वर करून, शेपटावर बसल्यासारखं उभं राहतं. टाकीही तशीच मागे कललेली. म्हणजे शेडमध्ये पेट्रोल मागच्या टोकाला जमा होतं आणि पुढची दांडी कोरडी राहते. पहिले लिटर दांडीला लागलेच नाहीत ते म्हणून! कढई एका बाजूने उचलली की आमटी दुसऱ्या बाजूला जाते, तेवढीच गोष्ट. पण हवेत विमान सरळ होणार आणि तेच पेट्रोल पुढे, दांडीकडे धावणार.

मी घरी न जाता सरळ पालेगावला गेले. शेडमध्ये कुणी नव्हतं. टाकीत तळाशी चार-पाच लिटर असेल. स्क्रीन लावली, पट्टी नव्हतीच. मग शेपूट उचललं. ते तसं हलकं असतं, खांदा लावला की उठतं. खाली रिकामा ड्रम सरकवला आणि पुढे येऊन पाहिलं. एक थेंब न ओतता हिरवी पट्टी चढून टाकीच्या तिसऱ्या हिश्शाच्याही वर जाऊन बसली होती. म्हणजे हवेत टाकी कोरडी पडत आली तरी स्क्रीन म्हणत राहणार, पुष्कळ आहे. भाऊ निवांत खालची शेतं बघत बसणार आणि इंजिन बंद पडणार.

आधी मी स्क्रीन बंद करून पुन्हा लावून पाहिली. मग, खोटं कशाला बोलू, आनंद झाला.

सांगायला एक फोन पुरला असता. पण फोनचं काय होतं ते मला ठाऊक होतं. तो "हो का?" म्हणाला असता, गुपचूप दुरुस्ती केली असती आणि आठवड्याने ते त्यालाच सुचलेलं असतं. मला चारचौघांत हवं होतं. दसऱ्याला शेडमध्ये विमानाची पूजा होती, सगळी सोसायटी येणार होती, तो पोर्टलवालाही. त्यानंतर विमानाचे भाग सुटे करून टेम्पोने देशावरच्या एका लहान धावपट्टीवर न्यायचं आणि तिथून पहिलं उड्डाण.

मी शेपूट खाली ठेवलं. मग पाना घेतला, टाकीचा कॉक बंद केला, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचा पितळी नट काढला आणि नळीच्या तोंडाला बूच मारलं. त्या नटाचे आटे वेगळे असतात, तो आपल्या बाजारात मिळत नाही. त्याच्याशिवाय इंजिनाला एक थेंब मिळणार नव्हता. नट मी पर्समध्ये, खोकल्याच्या गोळ्यांच्या शेजारी टाकला. भावाला सांगितलं, "नळीचा नट नीट बसत नाहीये, काढून आणलाय. बघते." तो म्हणाला, "बघ बघ." त्याने कशाला हात काळे करायचे?

नवरात्र मी फार गोड वागले. भावजयीला संशय आला असावा.

दसऱ्याला प्रोपेलरला झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, पाने-स्क्रूड्रायव्हर पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू. पूजा झाली, नारळ फुटला, भाऊ स्क्रीन लावून सगळ्यांना एकेक करून आत डोकावायला देत होता. "हे बघा, पट्टी नाही. म्हणजे टाकी जवळजवळ रिकामी. इतकं सोपं." मी म्हटलं, "जरा चौघंजण इकडे या. शेपूट उचलायचंय." दोघी शेजारणी आणि गावातले एक काका आले. मी स्वतः मध्ये उभी राहिले. शेपूट ड्रमवर टेकवलं. "आता बघा पट्टी."

डोकावलेल्या बाईने किंचाळूनच सांगितलं, "अगंबाई, वाढलं!" लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. काकांनी मला विचारलं, "बाय गो, न घालताच कसा चढला?" मी भावाकडे बघून मोठ्याने सांगितलं, "काका, विमान हवेत असं सरळ असतं. हा मीटर शेपूट जमिनीवर असताना शिकवलाय. हवेत पेट्रोल संपत आलं तरी हा असंच पुष्कळ दाखवेल. हा मीटर कोणी शिकवला, ते यालाच विचारा."

भावाच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. तो क्षण मी अजून झोपण्याआधी आठवते. पण तो क्षणभरच. मग त्याने घसा खाकरला, हात वर केले आणि म्हणाला, "मंडळी, नेमकं हेच दाखवायला आज तुम्हाला बोलावलं! सुरक्षितता म्हणजे काय, याचं आम्ही छोटंसं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. थँक यू ताई." पुन्हा टाळ्या. आधीपेक्षा जोरात. चोर तो चोर, वर शिरजोर.

मी शेडच्या मागे नळावर जाऊन तोंड धुतलं. भावजय पाठोपाठ आली. ती शाळेत गणित शिकवते आणि फार कमी बोलते.

"ताई, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"घट बसायच्या आधीपासून."

"आणि मधल्या काळात ह्यांनी इंजिन सुरू केलं असतं, कुठे नेलं असतं तर?"

मी पर्स उघडली आणि नट तिच्या हातावर ठेवला. तो काय आहे ते सांगितलं. तिने तो बराच वेळ तळहातावर फिरवला. मला वाटलं, ही आता रडेल किंवा मला शेडबाहेर काढेल, आणि तिने काढलं असतं तरी ते तिला शोभलं असतं.

"ह्यांच्या भोवती सगळे टाळ्या वाजवणारे आहेत," ती म्हणाली. "मीही त्यातलीच. दांडी कुठे आहे आणि पेट्रोल कुठे जातं, हे आमच्यापैकी कुणी बघितलं नाही. ते बघायला कुणाच्या तरी मनात एवढा राग असावा लागतो, ताई. तुम्ही त्यांना माफ करू नका. निदान हे विमान उडतंय तोवर तरी नको." आणि नट माझ्या मुठीत कोंबून ती जिलेबी वाढायला निघून गेली.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा स्वभाव कामाचा आहे असं म्हटलं होतं.

पोर्टलवर बातमी आली. 'अवलियाने स्वतःच शोधली विमानातील जीवघेणी चूक.' फोटोत भाऊ स्क्रीनकडे बोट दाखवतोय. मागे शेपूट, आणि शेपटाला धरलेले दोन हात. या वेळी माझी दोन्ही कोपरं आली होती.

आठवड्याने तो माझ्या घरी आला. चहा संपेपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग कपाकडे बघत म्हणाला, "ताई, मीटर कुठला लावायचा?" चूक झाली असं नाही म्हणाला. मीही चहा पुन्हा विचारला नाही.

स्क्रीन मी राहू दिली, शोभेला. टाकीच्या बाजूला पारदर्शक नळी उभी केली आणि झाकणातून बुचाची तार काढली. शेपूट ड्रमवर ठेवून, पाण्याची लेव्हल लावून विमान सरळ केलं. भावजयीने एकेक लिटर ओतलं. प्रत्येक लिटरला मी नळीमागच्या पांढऱ्या पट्टीवर रेघ मारून आकडा लिहिला, तिच्याच मरून नेलपॉलिशने. मग शेपूट खाली ठेवून पुन्हा सगळं, शेजारी निळ्या रेघा. मरून हवेतल्या, निळ्या जमिनीवरच्या. इंजिनापर्यंत न पोचणाऱ्या पेट्रोलच्या खुणेलाच मी शून्य धरलं आणि तिथे आडवी जाड रेघ मारली. नळी त्याच्या डाव्या कोपराशी येते. उडताना त्याला दर थोड्या वेळाने माझ्या अक्षरातले आकडे वाचावे लागणार होते. ही जागा मी मुद्दाम निवडली, असं कुणी म्हणालं तर मी नाही म्हणणार नाही.

धावपट्टीवर सकाळी वारा होता. तिथले दोन मेकॅनिक, क्लबातले काही वैमानिक, चहावाला, आणि भावजय. मी ड्रमही टेम्पोतून नेला होता. शेपूट चढवलं, नळी वाचली, ओतलेल्या पेट्रोलशी ताडून पाहिली. बरोबर होती. भाऊ जॅकेट घालून आला आणि माझ्यासमोर हात पसरला.

"ताई, नट."

"विमान कोणी बनवलं?" मी विचारलं.

तो हसला. "ताई, आता नको ना. उशीर होतोय."

"मला कुठे जायचं नाहीये."

लोक बघायला लागले. त्याने मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. तिने फोन आडवा धरला होता, आणि मी फ्रेममध्ये पूर्ण यावं म्हणून ती एक पाऊल मागे सरकली. "बोला," ती म्हणाली, "रेकॉर्डिंग चालू आहे."

"ताईने आणि मी," तो पुटपुटला.

"वाऱ्यात ऐकू आलं नाही."

"ताईने आणि मी! आम्ही दोघांनी बनवलं!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की चहावाल्यानेही मान वळवली.

नट मी त्याच्या हातात दिला नाही. पाना काढला, इंजिनाशी वाकले, स्वतः बसवला आणि घट्ट झाला की नाही ते पुन्हा एकदा पाहिलं. मी त्याला अजून माफ केलेलं नाही. विमान अजून उडतंय.